सांग तुझ्या बाबांना

दिनूमामा जेवत्या पानावरून उठला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात आई आणि बाबा एकमेकांशी बोलेनासे झाले. दिनूमामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. गावाहून नोकरी शोधायला आला होता आणि बरेच महिने आमच्याकडेच होता. आम्ही तेव्हा सानपाडा गावात, हिराकाकींच्या घराच्या माडीवर भाड्याने राहायचो. बाहेरची एक खोली, आत स्वयंपाकघर, पुढे गॅलरी आणि गॅलरीतून खाली उतरणारा जिना, एवढं आमचं घर. रेल्वे स्टेशन अजून व्हायचं होतं. मागे खाडी होती, आणि ओहोटीच्या वेळी आमच्या स्वयंपाकघराला चिखलाचा वास यायचा. त्या दिवशी हिराकाकींनी चिंबोऱ्या दिल्या होत्या आणि आईने मामासाठी म्हणून मुद्दाम झणझणीत कालवण केलं होतं. मामाने पहिला घास तोंडात घातला होता. बाबा कामावरून आले, चपला काढता काढता त्यांनी मामाच्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे घर आहे की धर्मशाळा?" बाबा वाईट नव्हते. कंपनीत काहीतरी बिनसलं असेल, बस मिळाली नसेल, पोटात भूक असेल. पण बोलायचं ते बोलून बसले.  तोंडातला घास मामाने गिळला, ताटाला नमस्कार केला, हात धुतला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि जिना उतरून गेला. उरणला बंदराची कामं निघाली होती, तिथे एका गोदामात तो चिकटला, हे आम्हाला पुढे दुसऱ्यांकडून कळलं.

आईने ते ताट सकाळपर्यंत झाकून ठेवलं. भाऊ परत येईल असं तिला वाटत असावं. सकाळी तिने अन्न खाली गाईला घातलं, ताट घासलं आणि फळीवर उभं करून ठेवलं. पुन्हा त्या ताटात कुणाला वाढलं नाही. आमच्याकडे भरल्या ताटावरून माणूस उठवण्यासारखं पाप नाही. शत्रू जरी दारात आला तरी त्याचं जेवण होईपर्यंत थांबायचं, मग काय ते भांडायचं, असं आईचे वडील म्हणायचे म्हणे. आणि इथे तर तिचा सख्खा भाऊ. तिने आदळआपट केली असती, रडली असती, तर दोन दिवसांत निभावलं असतं. तिने बोलणंच बंद केलं. बाबाही काही कमी मानी नव्हते. त्यांनी वाट पाहिली, ती बोलत नाही म्हटल्यावर तेही गप्प झाले.

आता एका घरात राहायचं, एका तव्यावरची भाकरी खायची, तर बोलल्याशिवाय कसं चालणार? म्हणून मग मी. मी बारा वर्षांची होते, एकुलती एक होते आणि दोघांच्याही मध्ये कुठेतरी असायचेच. "सुलू, सांग तुझ्या बाबांना, जेवायला चला म्हणावं." बाबा तिथेच, चार हातांवर, भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी ऐकलेलं असायचं. तरी मी वळून म्हणायचं, "बाबा, आई म्हणते जेवायला चला." मग बाबा म्हणणार, "सांग तुझ्या आईला, भूक नाही म्हणावं." तेही आईने ऐकलेलं असायचं. तरी मी सांगितल्याशिवाय ती ताट उचलायची नाही. एकदा मला कंटाळा आला आणि मी म्हटलं, "ऐकलंत ना तुम्ही!" तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा माझी छाती झाली नाही. मी शाळेत असले की काय करत असतील, याची मला फार उत्सुकता होती. मग हिराकाकींकडून कळलं की आई भिंतीशी बोलते. "कुणाला चहा हवा असेल तर झाकून ठेवलाय," असं भिंतीला सांगायचं आणि निघून जायचं.

आणि भांडी होती. आमच्या बायकांना देवाने दोन जिभा दिल्या आहेत, एक तोंडात आणि एक भांड्यांत, असं मला अजूनही वाटतं. आईला राग आला की पातेलं ठेवण्याचा आवाज वेगळा, उशीर झाला की वेगळा, पाणी गेलं की वेगळा. खाली हिराकाकी नुसत्या आवाजावरून माडीवरचं हवामान सांगायच्या. बाबांची रातपाळी असली की ते सकाळी येऊन स्वयंपाकघरात झोपत, कारण बाहेरच्या खोलीत ऊन यायचं आणि गॅलरीत पोरं खेळायची. आतल्या छोट्या खिडकीला त्यांनी उजेड येऊ नये म्हणून पुठ्ठा लावून टाकला होता. अबोला सुरू झाल्यावर भांड्यांचा आवाज वाढला, तसे बाबा स्वयंपाकघराचं दार लोटून आतून कडी घालायला लागले. गॅसची शेगडी आत अडकली, म्हणून आईने रॉकेलचा स्टोव्ह बाहेर काढला आणि दुपारचं त्याच्यावर करायला लागली. आतलं काही हवं असलं की ती दारावर हाताला येईल ते आपटायची. बाबा उठायचे नाहीत. आपटू दे, कधीतरी दमेल, असं त्यांचं. ती दमायची नाही. असं ते चाललं होतं.

एवढ्यावर असतं तर मी घाबरले नसते. घरात मोठी माणसं रुसतात, हे मला माहीत होतं. मला घाबरवलं एका इंग्रजी शब्दाने. बाबा कंपनीच्या कँटीनमधून शिळं इंग्रजी वर्तमानपत्र आणायचे. माझं इंग्रजी सुधारलं पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. संध्याकाळी ते बुटांना पॉलिश करत बसायचे आणि मी त्यातला एक तुकडा मोठ्याने वाचायचा. राजकारणाच्या बातम्यांची वाक्यं संपता संपायची नाहीत, म्हणून मी आतल्या पानावरच्या गुन्ह्यांच्या बातम्या निवडायचे. त्या छोट्या असत. कुणी कुणाला भोसकलं, कुणी कुणाला पेटवलं, कुठल्या चाळीत दार फोडून आत गेले तर काय दिसलं. आणि त्या बातम्यांत एक शब्द वरचेवर यायचा. एस्ट्रेंज्ड. एस्ट्रेंज्ड हसबंड. एस्ट्रेंज्ड वाइफ. मला अर्थ माहीत नव्हता, पण एवढं लक्षात आलं होतं की ज्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आधी हा शब्द लागतो, त्यांचं पुढच्या ओळीत काहीतरी भयंकर होतं. सुरी तरी निघते, नाहीतर रॉकेल.

मी शाळेत इंग्रजीच्या बाईंना अर्थ विचारला. बाई समजावून सांगण्यात हुशार होत्या. म्हणाल्या, "आधी एकमेकांची जवळची होती, आणि आता परकी झाली, बोलत नाहीत, मनाने लांब गेली, अशी माणसं."  मी विचारलं, "मग बाई, ती मरतात का?" सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "मरत नाहीत ग. बोलत नाहीत फक्त." पण बाई एकट्या होत्या आणि वर्तमानपत्र रोज होतं. मी वर्तमानपत्रावर विश्वास ठेवला.

त्यानंतर वाचताना मी तो शब्द गाळायला लागले. एक दिवस बाबांनी ब्रश थांबवला. "काय गाळलंस? मागे जा." मी म्हटलं काही नाही. त्यांनी पेपर हातात घेतला, बोट ठेवलं. "एस्ट्रेंज्ड. वाच." मी वाचलं. "अर्थ?" मी मान हलवली.  आत आई विळीवर कांदा चिरत होती, तो आवाज थांबला. "दुरावलेले," बाबा म्हणाले, अगदी हळू, आणि पुन्हा बुटाला ब्रश मारायला लागले. कांदा मात्र बराच वेळ चिरला गेला नाही. मला त्या क्षणी खात्री पटली की या दोघांनाही माहीत आहे. आपलं नाव काय आहे ते यांना कळलंय, आणि पुढची ओळ कुठली तेही कळलंय.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्याचा अनुभव मी त्या महिन्यांत घेतला. शाळेतून येताना गावात शिरले की मी आधी आमच्या गॅलरीकडे बघायचे. खाली माणसं जमलेली नाहीत ना? जमलेली नसली की जीव भांड्यात पडायचा, आणि जिना चढेपर्यंत पुन्हा वर यायचा. रॉकेलचा डबा किती भरलेला आहे ते मी रोज हलवून बघायचे. एकदा तर मी विळी उचलून तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवली. आईने घर पालथं घातलं. "सांग तुझ्या बाबांना, विळी कुठे नेली म्हणावं." बाबा म्हणाले, "सांग तुझ्या आईला, मी काय विळी घेऊन कंपनीत जातो का म्हणावं." त्यावर आईने अशी काही कढई आपटली की हिराकाकी जिन्यापर्यंत आल्या. विळी मी पुन्हा जागेवर ठेवली, आणि दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने मुद्दाम खोडी काढली. मी वाचवायला गेले आणि दुरावा आणखी वाढवला. हसू नका. आज मलाही हसू येतं, पण त्या वेळी मी पांघरुणात तोंड घालून रडले आहे.

तो दिवस शनिवारचा होता. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून मी उन्हं डोक्यावर यायच्या आत घरी परतत होते. बाबांची रातपाळी होती, म्हणजे ते झोपलेले असणार. गल्लीत वळले तेव्हाच आमच्या माडीवरून आवाज ऐकू आला. ठण, ठण, ठण. खाली ओट्यावर हिराकाकी सुकट निवडत बसल्या होत्या. मला बघून हसल्या.

"सुले, आज तुजी आयस लय तापलीय बग. मगासपासून ठनाठना चाललंय."

"काय झालं काकी?"

"मना काय म्हाईत? तुजा बापूस झोपलाय आनि ही दार वाजवतेय. नेहमीचाच हाय तां. जा तू वर, तुज्याबिगर त्यांचा सुटायचा नाय."

कुणीही घाबरलं नव्हतं. घाबरण्यासारखं काय होतं? आमच्या घरातून तो आवाज गावाला रोजचा झाला होता. पण मी जिन्याच्या मध्यावर थांबले. आवाज रोजचा नव्हता. रागाने आपटताना आई मध्ये थांबायची, पुटपुटायची, पुन्हा आपटायची. आज ती थांबत नव्हती. आणि वास येत होता. वास तसे आमच्याकडे नेहमीच यायचे, कंपन्यांचे, खाडीचे, सुकटीचे, म्हणून खाली कुणाचं नाक वर झालं नाही. मी दोन पायऱ्या आणखी चढले आणि मला कळलं की हा गॅसचा वास आहे.

आई स्वयंपाकघराच्या दारापुढे उभी होती. नळावरून आणलेली एक कळशी खाली कलंडली होती आणि पाणी सगळ्या खोलीभर झालं होतं. दुसरी, रिकामी कळशी तिच्या दोन्ही हातांत होती आणि ती दारावर आपटत होती. तिच्या केसांचा अंबाडा सुटला होता. मी आईला तशी कधी पाहिली नव्हती. दार आतून बंद होतं.

दार आतून बंद होतं, हे वाक्य मी इंग्रजीतून किती वेळा वाचलं होतं! त्याच्या पुढची ओळही मला पाठ होती. माझ्या डोक्यात त्या क्षणी दोनच गोष्टी आल्या आणि दोन्ही एकदम आल्या. एक म्हणजे, बाबांनी आत गॅस सोडला आहे. दुसरी म्हणजे, आईने सोडला आहे, आणि आता तिला पश्चात्ताप होतोय. कुठली जास्त भयंकर ते मला आजही ठरवता येणार नाही. माझे पाय जागेवर राहिले आणि बाकीची मी जणू तिथे नव्हतेच. दप्तर खांद्यावर तसंच होतं.

मग आत खोकल्याचा आवाज आला. आईने कळशी तिथल्या तिथे थांबवली. आत चटई सरकली. बाबा जागे होत होते, आणि आईच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग गेला, कारण बाबा जागे झाले की पहिलं काय करतात ते तिला माहीत होतं. उशीखाली सिगारेटचं पाकीट असायचं आणि काडेपेटी. डोळे धड उघडायच्या आधी ते सिगारेट पेटवायचे. बोलणं होतं तेव्हा आई रोज ओरडायची, आधी चूळ तरी भरा. कंपनीत रसायनांच्या वासाने त्यांचं नाक कधीच मेलं होतं. बाबांना वास कळणार नव्हता. त्यांना एवढंच कळणार होतं की बायको पुन्हा भांडी आपटतेय, आणि वैतागलेला माणूस काय करतो? सिगारेट ओढतो. मला हे सगळं तेव्हा कळलं नाही. मला फक्त आत काडेपेटीतल्या काड्यांचा खुळखुळ आवाज ऐकू आला. आईनेही ऐकला. ती वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सुलू, सांग तुझ्या बाबांना, काडी ओढू नका म्हणावं!"

हे मी अजून विसरले नाही, विसरणारही नाही. घर उडायच्या बेताला आलेलं, आणि माझी आई मला निरोप सांगत होती. तिचा काही दोष नव्हता. इतक्या महिन्यांत तिचं बोलणं माझ्यावरून जायला शिकलं होतं, दुसरी वाट त्याला सापडेना. मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. मला वाटतं मी "बा" एवढं तरी म्हटलं असेन. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मला काही बोलता येणार नाही हे तिला दिसलं. तिने मला दंडाला धरून गॅलरीकडे ढकललं आणि दारावर दोन्ही तळवे ठेवून ओरडली.

"अहो! काडी ओढू नका! अहो, गॅस सुटलाय! काडी ओढू नका!"

आतला आवाज थांबला. कळशीने जो माणूस उठला नव्हता तो त्या दोन अक्षरांनी ताडकन उठून बसला असणार. "काय?" बाबांचा आवाज आला. घोगरा होता. "काय म्हणतेस?"

"काडी खाली ठेवा. आधी कडी काढा. या बाहेर. अहो, या ना!"

कडी निघाली. बाबा बनियन-लुंगीवर दारात आले, भेलकांडले, चौकटीला धरलं. त्यांच्या हातात काडेपेटी तशीच होती. आईने ती हिसकावून घेतली आणि खाली सांडलेल्या पाण्यात टाकली. बाबा भानावर आले तसे परत आत जायला निघाले, सिलिंडरची चावी बंद करायला. आईने मागून त्यांचं बनियन धरलं. "नका जाऊ." "सोड ग, बंद नको करायला?" "मग श्वास धरून जा." एवढं सरळ, एवढं घरगुती ते दोघं बोलत होते, आणि मी गॅलरीत कठड्याला धरून उभी होते. बाबांनी चावी बंद केली, खिडकीचा पुठ्ठा ओरबाडून काढला. तोपर्यंत हिराकाकी वर आल्या होत्या. त्यांनीच मग वाकून शेगडीखालची रबराची नळी बाहेर ओढली आणि उजेडात धरली.

"ह्यो बगा. उंदराचा काम हाय. दातांच्या खुना दिसतान ना? गुदस्ता माज्याकडं पन असांच झाला."

उंदीर! मला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस मी सुरीवर, रॉकेलवर, विळीवर डोळ्यात तेल घालून पहारा करत होते आणि आला कोण तर उंदीर. हिराकाकी खाली गेल्या. आई मात्र नळीकडे बघतही नव्हती. ती भिंतीला पाठ लावून ओल्या फरशीवर बसली होती. तिने बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत?"

 बाबा म्हणाले, "काय मुद्दाम?"

"कडी आतून होती. मी इतकं वाजवलं. तुम्ही उठेनात. मला वाटलं..."

म्हणजे तिलाही. मी एकटीच घाबरत नव्हते. माझ्या आईने कुठलंही इंग्रजी वर्तमानपत्र वाचलं नव्हतं, तरी ती त्याच ओळीपाशी येऊन उभी राहिली होती.

"तुला तसं वाटलं?" बाबांचा आवाज फाटला. "मला ओळखत नाहीस तू? कडी तुझ्या भांड्यांमुळे लावत होतो मी! दिवसभर डोक्यात घण!"

"मग भांडी कशाला आपटत होते मी? कोण बोलत होतं माझ्याशी?"

"तू बंद केलंस!"

"माझ्या भावाला ताटावरून उठवलंत तुम्ही! पहिला घास होता त्याचा!"

आणि मग त्यांनी जे भांडण केलं ते सानपाडा गावाने ऐकलं असेल. सगळे महिने त्यात निघाले. मामा, धर्मशाळा, पुठ्ठा, विळी, चहा झाकून ठेवलेला आणि न घेतलेला. आई रडत होती आणि ओरडत होती. बाबाही रडत होते, मी त्यांना रडताना प्रथम पाहिलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. दोघांपैकी एकानेही "सुलू, सांग" म्हटलं नाही. मी वाट पाहत होते, कधीतरी माझं नाव येईल म्हणून. नाही आलं. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही, असं म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, पण तसंच होतं. हिराकाकींनी खालून मला हाक मारली, मांडीशी बसवून भाकरी आणि सुकट खायला घातली, आणि वरचा आवाज ऐकत म्हणाल्या, "भांडूदे. आता बरा हाय."

इथे थांबले असते तर प्रकरण गोड झालं असतं. पण तसं सगळं मिटलं नाही. पुढच्या सुट्टीला बाबांनी फळीवरचं ते ताट कागदात गुंडाळलं आणि उरणच्या एसटीत बसले. मामाला शोधून काढलं, ताट त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "हे तुझं राहिलंय. जेवायला ये." मामाने ताट घेतलं, चहा पाजला. आठवड्याने कुणाच्या तरी हातून ताट परत आलं. लखलखीत घासलेलं होतं. निरोप काहीच नव्हता. आई ते ताट घेऊन बराच वेळ उभी राहिली. बाबांनी तिच्या हातातून ते घेतलं आणि त्यात जेवायला बसले, आणि त्यानंतर शेवटपर्यंत त्याच ताटात जेवले. पाहुणे आले तरी त्यांना दुसरं ताट चालायचं नाही. मामा आणि बाबांची पुन्हा कधी भेट झाली नाही. आईबाबा बोलायला लागले, भांडायलाही लागले, पण एक कसलीशी जपणूक त्यांच्यात कायम राहिली. काच तडकलेला कप आपण जपून धुतो ना, तशी. दुपारी झोपताना बाबांनी पुन्हा कधी कडी लावली नाही, एवढं मात्र खरं.

आता माझीच साठी दिसायला लागली आहे. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे असते, सानपाड्यातच, पण नव्या बाजूला, सातव्या मजल्यावर. गॅस पाइपमधून येतो. तो इंग्रजी शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. माझी मुलगी फोनवर सहज सांगते, अमुक मैत्रीण तिच्या घरच्यांपासून एस्ट्रेंज्ड आहे, जसं कुणी सर्दी झाली सांगावं तसं. मी दर वेळी दचकते. मी विचारते, "बरी आहे ना ग ती?" मुलगी हसते. तिला काय माहीत मी काय विचारतेय ते.

आईचं हल्ली काळवेळाचं भान सुटत चाललंय. परवा दुपारी मी चहा टाकला होता. ती काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आली, बंद असलेल्या बेडरूमकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुलू, सांग तुझ्या बाबांना, चहा झालाय म्हणावं."

माझ्या हातातली गाळणी थांबली.  मी गॅस बंद केला. बाबा नाहीत हे तिला सांगायचं, की नाही सांगायचं, की जाऊन सांगून आल्यासारखं करायचं? ती माझ्याकडे बघत होती, वाट बघत होती, निरोप पोचवायची.

मी म्हटलं, "आई, मी नाही. तूच हाक मार."

ती थोडी लाजल्यासारखी झाली. पदर सारखा केला, दाराकडे वळली.

"अहो," ती म्हणाली.

आणि मग आम्ही दोघीही, काही ऐकू येतंय का म्हणून, तिथेच उभ्या राहिलो.